कोरी कड

१

शनिवारी सकाळी शेजारपाजारची माणसं फिरायला बाहेर पडायच्या आत सर जिन्याखाली उकिडवे बसत आणि मोटरसायकलच्या मागच्या टायरला पॉलिश पेपर घासत. सुताराकडचा, जाड दाण्याचा. टायरच्या मध्यावर नव्हे, दोन्ही बाजूंच्या कडांवर. आठ-दहा हात मारायचे, कानोसा घ्यायचा, पुन्हा घासायचं. कुणाची चाहूल लागली की कागद खिशात आणि हातात फडकं. पदार्थविज्ञान शिकवण्यात उभा जन्म गेलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या माणसाने असं चोरासारखं का बसावं, याचं उत्तर तसं साधं होतं. पण सरांना ते स्वतःलाही सांगवत नव्हतं.

त्याचं असं आहे. वळणावर मोटरसायकल झुकली की टायरची कड रस्त्याला लागते आणि झिजते. जो वळणाला घाबरतो, गाडी ताठ ठेवूनच कशीबशी वळवतो, त्याच्या टायरचा मध्य गुळगुळीत होतो आणि दोन्ही बाजूंना बोटभर पट्टी दुकानातून आणल्यासारखी कोरी राहते. पेट्रोल पंपाशेजारी चहा प्यायला जमणारी मोटरसायकलवाली पेन्शनर मंडळी माणसाची परीक्षा करायची झाली तर त्याच्या तोंडाकडे बघत नसत. वाकून टायर बघत.

"कड कोरी, बाता भारी," असं कर्नल म्हणत. कर्नल कधी सैन्यात नव्हते. आयुष्यभर विम्याच्या कचेरीत होते, पण मिशा अशा की खुर्चीनेही उठून उभं राहावं. त्यांनी एकदा एका नव्या माणसाच्या टायरवरून बोट फिरवून सगळ्यांना दाखवलं होतं, "बघा बघा, नव्या नवरीसारखी लाजतेय अजून!" केवढा हशा पिकला. तो माणूस पुन्हा कधी तिकडे फिरकला नाही.

सरही तेव्हा हसले होते. परतताना त्यांनी सुताराच्या दुकानातून कागद घेतला.

२

गाडी लांबच्या प्रवासाची. पुढे उंच काच, दोन्ही बाजूंना कुलपाच्या पेट्या, मागच्या माणसाला टेकायला गादी. लाखाच्या वर किलोमीटर पळालेली. सरांनी ती विकत घेतली तेव्हा सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. सरांचं म्हणणं, नवी गाडी म्हणजे नुसतं गृहीतक, ही सिद्ध झालेली आहे.

विकणारे दातांचे डॉक्टर होते, सरांच्याच वयाचे. खालच्या आवारात त्यांनी गाडीची सगळी दुखणी न लपवता सांगितली. इंजिन गार असताना टॅपेट वाजतात, तापलं की गप्प होतात. पुढच्या शॉकअपमधून तेल पाझरतं. साखळी बदलायला झाली आहे. सरांनी खाली वाकून पाहिलं, तर पाय ठेवायच्या दांड्यांची टोकं खालच्या अंगाने तिरकी घासली गेली होती. रस्त्याला टेकेपर्यंत गाडी झुकवल्याशिवाय असं होत नाही.

"एवढी झुकवायचात तुम्ही?" सरांनी कौतुकाने विचारलं.

डॉक्टरांनी त्या टोकांकडे जरा वेळ पाहिलं. "दिसतं खरं तसं," ते म्हणाले.

कागदपत्रांसाठी दोघं वर गेले. डॉक्टरांच्या हातात घराची किल्ली होती. तरी त्यांनी घंटी वाजवली आणि पायपुसण्याच्या अलीकडे थांबून राहिले.

"किल्ली हातात धरून घंटी काय वाजवता? पाहुणे आहात का?" दार उघडत त्यांची बायको म्हणाली. मोठ्या आनंदी चेहऱ्याची बाई. बैठकीची भिंत फोटोंनी भरलेली होती. घाट, तळी, बर्फाचे डोंगर. सगळ्या फोटोंत ती हसत होती आणि शेजारी हेल्मेटची काळी काच खाली ओढलेला माणूस. "यांना ही विकायची दुर्बुद्धी कशी सुचली कोण जाणे," ती सरांना म्हणाली. "अहो, काय चालवतात! मला तर माहीतच नव्हतं, मी कुणाशी संसार केला ते."

डॉक्टर कडेच्या खुर्चीत अवघडून बसले होते. दुसऱ्याच्या घरचा अल्बम चाळावा तसे फोटोंकडे बघत होते. निघताना ते सरांना जिन्यापर्यंत सोडायला आले.

"तुमच्या मिसेसना आवडली का गाडी?"

"तिने अजून पाहिली नाही."

"आवडेल," डॉक्टर म्हणाले, आणि सरांचा हात त्यांनी जरा जास्तच वेळ हातात धरून ठेवला.

३

सरांची बायको त्यांना चेष्टेने भागूबाई म्हणत असे. लग्न झाल्यापासूनचं नाव. पोहायला शिकले नाहीत, बढतीची बदली नाकारली, शिडीवर चढून दिवासुद्धा तिनेच बदलायचा. त्या नावात माया होती. पण म्हातारपणी मायेचाही काटा टोचतो. मरायच्या आधी निदान एकदा तिच्या तोंडून ते नाव पुसलं जावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

गाडीची देखभाल मात्र सरांना मनापासून जमली. माहितीपुस्तक त्यांनी प्रबंधासारखं वाचलं. जुन्या टूथब्रशने आणि रॉकेलने साखळीची कडी न् कडी स्वच्छ केली, दोन बोटांनी दाबून तिचं सैलपण मोजायला शिकले. तेल बदललं, ब्रेकचे लायनर बदलले, टॅपेटची फट पात्याने मोजून बसवली. मागचा टायर नवा टाकला. हाताला तेलाचा वास यायला लागला आणि बायको म्हणाली, "बरे दिसता हो तुम्ही असे!"

मग पहिला रविवार उजाडला. सर एकटे घाटाकडे निघाले. सरळ रस्त्यावर सगळं ठीक होतं. पायथ्याशी बंद पडलेला बर्फाचा कारखाना लागला आणि त्याच्या पुढेच पहिलं वळण, उजवीकडे वर चढत जाणारं, पुढचं काही दिसू न देणारं. गाडी झुकवायची हे सरांना ठाऊक होतं. किती अंशात, तेही त्यांनी गणित करून काढलं असतं. पण अंगाने ऐकलं नाही. त्यांनी ब्रेक दाबले आणि गाडी रस्त्याच्या मधोमध आडवी उभी राहिली. मागे ट्रक भोंगे वाजवायला लागले. त्यांना गाडी वळवताही येईना. शेवटी एका ट्रकवाल्याने खाली उतरून ती उलटी वळवून दिली. "आजोबा, कुणाची घेऊन आलात ही?" त्याने विचारलं.

घरी बायको दारातच उभी. "झाला का घाट?"

खरं सांगायला सरांनी तोंड उघडलंही होतं. पण तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जे त्यांनी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

"झाला," ते म्हणाले.

तिने त्यांच्या हातातून हेल्मेट घेतलं आणि लग्नाच्या दिवशीही पाहिलं नसेल अशा नजरेने त्यांच्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून तिने भागूबाई म्हटलं नाही.

४

पुढे दर रविवारी सर घाटाला म्हणून निघत आणि बर्फाच्या कारखान्यात जाऊन बसत.

कारखाना कधीचा बंद होता. बाहेरच्या बाजूला गाड्या भरायची मोठी छपरी, तिथे ते मोटरसायकल लावत. आत एक जाड दाराची, खिडकी नसलेली खोली. पूर्वी तिथे बर्फाच्या लाद्या ठेवत असावेत. अजूनही तिथे गारवा राहिलेला होता. मोडक्या खोक्यावर बसायचं, दारातून येणाऱ्या उजेडात पुस्तक वाचायचं, बायकोने दिलेला डबा खायचा. उन्हं कलली की घरी जाऊन वळणांचं वर्णन करायचं. वर्णनासाठी त्यांनी नकाशा पाठ केला होता. सर कधी कुठल्या विद्यार्थ्याची प्रयोगवहीतली खोटी नोंद चालवून घेत नसत. एकाला तर त्यांनी वर्गासमोर उभं करून रडवलं होतं. खोक्यावर बसलं की त्यांना हमखास त्याची आठवण येई.

एका रविवारी जेवण झाल्यावर सर वाचत बसले असताना छपरीतून बारीक आवाज आला. टिक्. थोड्या वेळाने पुन्हा, टिक्. मग दोन लागोपाठ.

हा आवाज कुठल्याही मोटरसायकलवाल्याच्या ओळखीचा असतो. लांबून दामटून आणलेलं इंजिन बंद केलं की गार होताना त्याचा धातू असा तडकत राहतो. सर सकाळपासून इथे होते. इंजिन केव्हाच गार झालं असलं पाहिजे.

ते बाहेर आले. गाडी लावली होती तिथेच होती. किल्ली त्यांच्या खिशात. त्यांनी तळवा इंजिनाजवळ नेला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

ऊन, त्यांनी मनाशी म्हटलं. पत्र्याची छपरी. पत्रा तापतो, खालची हवा तापते. कारण अगदीच टाकाऊ नव्हतं. फक्त छपरीतली हवा गार होती, आणि गाडीच्या पुढच्या काचेवर किडे चिरडले होते, अजून ओले.

५

पुढच्या शनिवारी सर पॉलिश पेपर घेऊन जिन्याखाली बसले आणि त्यांचा हात टायरवरच थांबला.

कड कोरी नव्हती. त्यांच्या घासण्याचे ओरखडे सरळ, आखल्यासारखे असत. हे तसं नव्हतं. अगदी शेवटच्या काठापर्यंत रबर खरखरीत झालं होतं आणि खोडरबराचा भुगा वळतो तशा रबराच्या बारीक वळ्या तिथे चिकटल्या होत्या. अशा वळ्या कागदाने पडत नाहीत. त्या फक्त वेगाने पडतात.

मीटरही पुढे गेलं होतं, बरंच. जुन्या गाडीचं मीटर, सर मनाशी म्हणाले, आतली दातेरी चाकं झिजली की पळतं. रबर जुन्या साठ्यातलं असेल, उगाच सुटत असेल. आणि आपण विसरत असू, ही तिसरी शक्यता. तिच्यापाशी ते बराच वेळ थांबले, कारण तिचीच सर्वात जास्त भीती वाटत होती आणि ती खरी निघाली असती तर सर्वात बरं झालं असतं.

पण या सगळ्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, आणि तीच पुढे त्यांना जास्त छळत राहिली. आज घासावं लागणार नाही, म्हणून त्यांना बरं वाटलं होतं.

पंपावर कर्नल वाकले, त्यांनी बोट फिरवलं आणि शीळ घातली.

"अरे बघा रे! काठापर्यंत! सर, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात!"

"थोडं थोडं जमतंय," सर म्हणाले.

"थोडं? रविवारी मी घाटात होतो ना! तुम्ही मला वळणावर मागे टाकलंत. दांडी खर्रकन रस्त्याला घासली, ठिणग्या उडाल्या. मी हात केला, पण तुम्ही कशाला बघताय गरिबाकडे!"

सगळे सरांकडे बघत होते. चहावालासुद्धा.

"मी नव्हतो तो," एवढे तीन शब्द बोलायचे होते.

"वळणावर होतो ना," सर म्हणाले. "लक्ष नव्हतं."

कर्नलांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. सरांच्या हातातला चहा सदऱ्यावर सांडला.

६

त्याच संध्याकाळी बायकोने कपाटातून काहीतरी काढून पाठीमागे लपवलं.

"डोळे मिटा."

"आता हे काय नवीन?"

"मिटा म्हणते ना!"

सरांनी डोळे उघडले तेव्हा ती हेल्मेट घालून समोर उभी होती. पांढरं, नवं कोरं. आत गाल दाबले गेल्यामुळे ती फुगलेल्या मुलीसारखी दिसत होती.

"उद्या मी येणार."

"तुझा गुडघा..."

"गुडघ्याला बसायचंच तर आहे, चालायचं कुठे आहे?" तिने काच वर केली. "अहो, दर रविवारी तुम्ही येता आणि सांगता, दरी अशी आणि ढग तसे. मी ऐकते. पण किती दिवस नुसतं ऐकू? हाडांचे डॉक्टर म्हणतात, एकदा ऑपरेशन झालं की पाय असा दुमडता येईलच असं नाही. मग राहिलंच ना माझं!"

सर कपाट लावायला वळले.

"भीती नाही वाटत मला," ती जरा हळू म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या मागे बसले नसते. तुमच्या मागे बसेन."

हीच वेळ होती. इतकं सोपं दार पुन्हा उघडणार नव्हतं. ती हसली असती, भागूबाई म्हणाली असती, कदाचित थोडी रडली असती, आणि संपलं असतं. सरांनी तिच्या हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली नीट बसवून दिला.

"घट्ट होत नाही ना?" त्यांनी विचारलं.

७

सकाळी ती उठायच्या आत ते गाडी ढकलत फाटकाबाहेर घेऊन गेले. घराजवळ आवाज नको म्हणून बरंच लांब जाऊन इंजिन चालू केलं. दम लागला होता. चोरसुद्धा अशी चोरी करत नाही, त्यांच्या मनात आलं, की स्वतःचीच गाडी स्वतःच्याच बायकोपासून.

कारखान्याच्या छपरीत त्यांनी गाडी लावली, आपलं काळ्या काचेचं हेल्मेट आरशाला अडकवलं आणि ते आतल्या खोलीत खोक्यावर जाऊन बसले. पुस्तक उघडलं, पण एक ओळ उमगेना. डोळ्यांसमोर ती दिसत होती. उठली असेल. हेल्मेट मांडीवर घेऊन दारात बसली असेल. शेजारणीला सांगून बसली असेल कालच.

मग सरांना एकदम ते सहन होईना. बास. घरी जायचं आणि सगळं सांगायचं. वळण, ट्रकवाला, पॉलिश पेपर, हे खोकंसुद्धा. काय व्हायचं ते होईल. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच छाती हलकी झाली. ते ताडकन उठले आणि छपरीत आले.

छपरी रिकामी होती.

इंजिनाचा आवाज झाला नव्हता. दार उघडं होतं, ते दहा पावलांवर बसले होते आणि आवाज झाला नव्हता. सरांनी खिसा चाचपला. किल्ली होती. जमिनीवरच्या धुळीत चाकाची एक रेघ बाहेर गेली होती आणि रस्त्याला लागताना वळली होती. घाटाकडे नव्हे. घराकडे.

ते रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहिले. कुणीतरी थांबेल, घरापर्यंत नेईल. हातात पुस्तक होतं, ते खाली ठेवायचंही सुचलं नाही. एक टेम्पो गेला, थांबला नाही. मग लांबून इंजिनाचा आवाज आला. तापलेलं, गप्प झालेले टॅपेट, नीट बसवलेली साखळी. आपल्या हाताने इतकं निगुतीने नीट केलेलं यंत्र माणूस आवाजावरून ओळखतो.

पुढे काळ्या काचेचं हेल्मेट. मागे पांढरं.

ती मागच्या गादीला टेकली नव्हती. तिचे दोन्ही हात त्याच्या कमरेभोवती होते आणि काच वर होती. ती हसत होती, तोंड उघडून, वारा गिळत. सरांनी हाक मारायला श्वास घेतला. पण हाक मारून सांगायचं काय? थांब, तो मी नव्हे? मग तुम्ही कोण, असं तिने विचारलं तर?

सर मागे सरले, भिंतीच्या सावलीत.

गाडी समोरून गेली. हेल्मेटची काळी काच त्यांच्याकडे वळली आणि एक हात हँडलवरून सुटून जरासा वर झाला, रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला करतात तसा. त्या बोटांच्या पेरांत तेलाचे डाग होते, रॉकेलने धुऊनही न जाणारे. मागून तिनेही हात हलवला. कुणाही म्हाताऱ्याला हलवावा तसा.

मग वळण आलं. गाडी झुकली, झुकत गेली, खर्रकन दांडी रस्त्याला घासली, आणि दोघं वर निघून गेली.

८

सर घरी पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. अर्धी वाट चालत, अर्धी एका दूधवाल्याच्या गाडीतून. जिन्याखाली मोटरसायकल उभी होती. तिच्याकडे न बघता ते वर गेले.

दारापाशी त्यांनी खिशातून घराची किल्ली काढली. कुलपापर्यंत नेली. आतून तिच्या हसण्याचा आवाज आला, आणि न्हाणीघरात पाणी पडत होतं.

सरांनी घंटी वाजवली. पायपुसण्याच्या अलीकडे थांबले.

आतलं पाणी बंद झालं.

"आता काय हे," बायकोने दार उघडलं. गाल उन्हाने लाल झाले होते, केस विस्कटलेले. "किल्ली हातात आहे की तुमच्या! आणि खाली कधी गेलात? मला वाटलं, हातपाय धुताय."

"पेटीला कुलूप लावायचं राहिलं होतं," सर म्हणाले. खोटं आता विचार न करता येत होतं.

"या ना आत. दमलात फार." ती त्यांना न्याहाळत होती, नव्या नवऱ्याला न्याहाळावं तशी. मग तिचा चेहरा थोडा उतरला. "अहो, मला राहून राहून त्या म्हाताऱ्यांचं वाटतंय. पहिल्या वळणाच्या अलीकडे उभे होते बघा, भिंतीपाशी. हातात पुस्तक होतं. वाट चुकले होते का कोण जाणे. मी म्हणत होते, थांबू या, विचारू या काय झालं. तुम्ही ऐकलं नाहीत."

"मी काय म्हणालो?" सरांनी विचारलं.

"विसरलात? तुम्ही म्हणालात, नको. अशा माणसाकडे कुणी थांबून पाहिलं, की त्याला लाज वाटते." तिने त्यांच्या दंडावर हात ठेवला. "माझ्या हे लक्षातच आलं नसतं. किती चांगले आहात हो तुम्ही."

सर आत आले आणि दाराजवळच्या खुर्चीत, कडेला, टेकले. उघड्या खिडकीतून खालचा आवाज येत होता. टिक्. टिक्. टिक्.

"असे काय बसलात?" ती हसत म्हणाली. "नीट बसा की. घर तुमचंच आहे."